‘हरवलेला’ रानपिंगळा: दोन पेपर आणि एक नाला

पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. ‘अलीकडे वाचलेला एखादा पेपर सांगा, आणि त्यात काय कमी आहे ते सांगा.’ पहिल्या अर्ध्याची तयारी सगळे करून जातात. दुसऱ्या अर्ध्यावर मात्र खोलीत शांतता पसरते. कोणी म्हणतं, ‘सॅम्पल साइज कमी आहे.’ हे उत्तर कुठल्याही पेपरला लागू पडतं, म्हणूनच ते उत्तर नाही.

पेपरवर टीका करणं म्हणजे लेखकाची चूक पकडणं, असा आपला समज असतो. मला वाटतं टीका म्हणजे तीन गोष्टी वेगळ्या करणं: पेपर काय म्हणतो, पेपर काय म्हणत नाही, आणि लोक त्यातून काय ऐकतात. आज हे दोन पेपरवर करून बघू. दोन्ही आपल्याच भागातल्या एका पक्ष्याबद्दल आहेत. मी मालेगावची. हा पक्षी जिथे ‘परत सापडला’ ते शहादा आमच्यापासून एसटीने धुळ्याला गाडी बदलून अर्ध्या दिवसावर. आधीच सांगते, माझं काम कीटकांवर आहे, पक्ष्यांवर नाही. त्यामुळे हे बाहेरच्या माणसाचं वाचन आहे. पण मुलाखतीतही तुम्हाला बहुतेक वेळा बाहेरच्या विषयाचाच पेपर वाचावा लागणार आहे.

गोष्ट जशी सांगतात तशी

रानपिंगळा हा साधारण वीतभर उंचीचा घुबडवर्गातला पक्षी. १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या माणसाने मध्य भारतात तो पहिल्यांदा मिळवला. १८७३ मध्ये ए. ओ. ह्यूम यांनी, म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत ज्यांचं नाव येतं तेच ह्यूम, त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नावात ब्लेविटला जागा दिली. त्यानंतर व्हॅलेंटाइन बॉल यांना एक मिळाला आणि १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या खानदेशातल्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने शहादा-तळोदा भागात काही मिळवले. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात नमुने. शेवटचा १८८४ चा. त्यानंतर पक्षी गायब. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्यासारख्या दिग्गजांनाही तो मिळाला नाही.

मग २५ नोव्हेंबर १९९७ ला सकाळी पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे तीन अमेरिकन शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात चालत होते. किंग यांना एका उघड्या फांदीवर पिंगळा दिसला. डोक्यावर ठिपके नव्हते. झालं! ११३ वर्षांनी पक्षी सापडला.

ही गोष्ट वर्तमानपत्रांनी, पक्षीमित्रांच्या भाषणांनी आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनी अशीच सांगितली. चिकाटी आणि नशीब. ऐकायला छान वाटते. पण संशोधन शिकायला निघालेल्या माणसाला ती काहीच शिकवत नाही, कारण ‘चिकाटी ठेवा’ हा काही मेथड नाही.

पेपर उलट्या क्रमाने वाचा

या विषयावरचे दोन मुख्य पेपर आहेत. पहिला किंग आणि रासमुसेन यांचा, १९९८ चा, ‘फॉर्कटेल’ या नियतकालिकातला. विषय: रानपिंगळ्याचा पुनर्शोध. दुसरा रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांचा, १९९९ चा, ‘आयबिस’मधला. विषय: याच पक्ष्याच्या एका नमुन्यातली फसवणूक.

तारखा बघून तुम्ही म्हणाल, आधी पक्षी सापडला, मग फसवणूक उघड झाली. प्रत्यक्षात विचार उलट्या क्रमाने झाला. आधी फसवणूक लक्षात आली. त्यामुळे कुठे शोधायचं हे बदललं. मग पक्षी सापडला. सापडल्याची बातमी मोठी आणि लिहायला सोपी, म्हणून ती आधी छापून आली. फसवणूक सिद्ध करणं किचकट, म्हणून ती नंतर.

हे ध्यानात ठेवा. पेपर छापल्याचा क्रम आणि विचार घडल्याचा क्रम एकच नसतो. एका पेपरच्या आतही ‘प्रस्तावना, पद्धत, निष्कर्ष’ हा क्रम बहुतेक वेळा नंतर रचलेला असतो. लिटरेचर रिव्ह्यू करताना आपण सालाप्रमाणे रांग लावतो आणि समजतो की ज्ञान त्याच रांगेत वाढलं. इथे तसं केलंत तर मुख्य मुद्दाच हातातून सुटतो.

संग्रहालयाच्या कपाटातलं फील्डवर्क

रिचर्ड माइनर्ट्‌झहागन हा ब्रिटिश सैन्यातला अधिकारी आणि नावाजलेला पक्षी-अभ्यासक. १९६७ मध्ये वारला. त्याच्या संग्रहात रानपिंगळ्याचा एक नमुना होता. चिठ्ठीवर लिहिलेलं: मांडवी, तापीकाठ, ऑक्टोबर १९१४. म्हणजे आजच्या गुजरातमधलं सुरत जिल्ह्यातलं मांडवी. ही नोंद खरी धरली तर पक्षी १८८४ नंतर तीस वर्षांनीही जिवंत होता, आणि शोधायची सगळ्यात ताजी जागा मांडवी ठरते.

रासमुसेन त्या वेळी स्मिथसोनियन संस्थेत दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या मार्गदर्शक पुस्तकावर काम करत होत्या. माइनर्ट्‌झहागनच्या काही नमुन्यांबद्दल आधीपासूनच कुजबुज होती. १९९३ मध्ये अ‍ॅलन नॉक्स यांनी दुसऱ्याच एका पक्ष्याच्या बाबतीत त्याची लबाडी दाखवून दिली होती. तेव्हा प्रश्न असा: हा पिंगळा खरंच १९१४ चा का?

आता पद्धत बघा. पक्ष्याचं कातडं सोलून, आत कापूस भरून, शिवून ठेवणं ही हातकला आहे. प्रत्येकाची पद्धत वेगळी, हस्ताक्षरासारखी. चीर कुठे घ्यायची, पंखाचं हाड कसं सोडवायचं, चरबी किती खरवडायची, कापूस किती भरायचा. रासमुसेन आणि कॉलर यांनी संशयित नमुन्याची तुलना दोन बाजूंनी केली. एकीकडे डेव्हिडसनने केलेले नमुने, दुसरीकडे माइनर्ट्‌झहागनने स्वतः केलेले. क्ष-किरण चित्रं काढली. नमुना पुन्हा उसवून पुन्हा भरलेला होता, आणि वरच्या सोंगाखाली डेव्हिडसनचा हात दिसत होता. निष्कर्ष: हा १९१४ चा पक्षी नव्हेच. १८८० च्या दशकातला डेव्हिडसनचा पक्षी ब्रिटिश म्युझियममधून उचलून, नव्याने भरून, खोटी चिठ्ठी बांधलेला.

हा पेपर मला फार चांगला वाटतो आणि त्याचं कारण थरारक चोरी हे नाही. कारण त्यात कंट्रोल आहे. ‘हा नमुना विचित्र दिसतो’ एवढ्यावर ते थांबले असते तर तो फक्त आरोप राहिला असता. ‘कशाच्या तुलनेत विचित्र?’ याचं उत्तर त्यांनी दोन संचांनी दिलं. आपल्यापैकी बरेच जण प्रबंधात लिहितात, ‘या ठिकाणी विविधता कमी आढळली.’ कशाच्या तुलनेत? गाईडनी विचारायच्या आधी तुम्हीच विचारा.

दुसरं कारण, चिठ्ठी हाही डेटा आहे. नमुना म्हणजे कातडं अधिक चिठ्ठी. चिठ्ठी खोटी तर कातडं कितीही खरं असलं तरी ते तुम्हाला ‘कुठे’ आणि ‘कधी’ सांगू शकत नाही. आज आपण डेटाबेसमधून हजारो नोंदी एका क्लिकवर उतरवतो. त्या प्रत्येक ओळीमागे कोणाची तरी एक चिठ्ठी आहे.

मांडवीची नोंद काढून टाकल्यावर उरल्या त्या खऱ्या जागा. त्यांतली एक शहादा. ‘नशीब’ म्हणून जे सांगितलं जातं ते यादीतून एक ओळ खोडण्याचं फळ होतं.

नाल्यातून चालताना

मागच्या थंडीत मी दोन मैत्रिणींसोबत त्या बाजूला गेले. शहादा, म्हसावद, राणीपूर, आणि तिथून पुढे तोरणमाळचा घाट. आम्ही वर न जाता पायथ्याच्या रानात एका नाल्याच्या कडेने जाणारी पायवाट धरली. वनखात्याच्या कर्मचाऱ्यांना विचारून, आणि वाट दाखवायला जवळच्या पाड्यावरचे एक दादा सोबत घेऊन. आडवाटेला असं कोणी नसताना शिरू नका, हे वेगळं सांगायला नको.

नाल्याच्या अगदी कडेला अर्जुन, करंज, उंबर, मधेच आंबा. पाणी डबक्या-डबक्यांतच उरलेलं, तरी सावली गार. पण नाला सोडून वीस-पंचवीस पावलं वर चढलं की चित्र बदलतं. साग, सलई, धावडा, तेंदू, मधूनच रोहन आणि मोह. पानं गळायला लागलेली, जमिनीवर सागाच्या पानांचा पापडासारखा आवाज. झाडं दाट नाहीत. मधे मधे उजेड, गवत, कुठे तोडीचे खुंट, कुठे त्या खुंटातून उठलेले नवे धुमारे. ट्रेकच्या फोटोंत आपण ज्याला ‘घनदाट अस्पर्श जंगल’ म्हणतो तसलं हे रान नाही. माणसाचा हात इथे पिढ्यानपिढ्या फिरलाय.

आणि नेमका हाच मुद्दा आहे. जुन्या पुस्तकांत या पक्ष्याची जागा दाट, ओढ्याकाठचं रान अशी सांगितली होती. शोधणारा माणूस ते वाचून साहजिकच नाल्यात उतरणार, सावलीत बघत राहणार. १९९७ नंतर महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात जो सविस्तर अभ्यास झाला त्यातून चित्र वेगळं आलं. हा पक्षी डोंगराच्या पायथ्याच्या आणि उतारावरच्या विरळ, कोरड्या सागाच्या रानातला. शिवाय बराचसा दिवसाउजेडी वावरणारा, उघड्या फांदीवर बसणारा. म्हणजे नाल्याच्या सावलीतून तुम्ही वर बघत असाल तर तो तुमच्या डोक्यावरच्या उतारावर उन्हात बसलेला असू शकतो.

मी दादांना मोबाइलवर दोन पिंगळ्यांचे फोटो दाखवले. साधा पिंगळा आणि रानपिंगळा. फरक सांगितला: साध्याच्या डोक्यावर-पाठीवर पांढरे ठिपके भरपूर, रानपिंगळ्याच्या डोक्यावर जवळजवळ नाहीतच, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, शेपटीवर रुंद पट्टे, पाय जाड आणि पिसांनी भरलेले. त्यांनी फोटो नीट बघितले आणि विचारलं, ‘ताई, दिवसा बसतो तो का?’

मी ठिपके मोजायला शिकून आले होते. त्यांनी थेट वागणुकीवर बोट ठेवलं. आम्हाला त्या दिवशी रानपिंगळा दिसला नाही, ते सांगूनच टाकते. पण तो प्रश्न मी वहीत लिहून घेतला.

माझे आक्षेप

आता टीका. तीन मुद्दे आहेत.

पहिला आक्षेप ‘पुनर्शोध’ या शब्दाला. विज्ञानाच्या भाषेत त्याचा अर्थ काटेकोर आहे: पुराव्यासकट नोंद पुन्हा मिळाली. त्या अर्थाने १९९८ चा पेपर चोख आहे. त्यांनी ‘दिसला’ एवढंच लिहिलं नाही, फोटो घेतले, व्हिडिओ घेतला आणि साध्या पिंगळ्यापासूनचे फरक मुद्देसूद मांडले. पण शब्द पेपरबाहेर पडला की त्याचा अर्थ होतो, ‘पक्षी नव्हता, मग आला.’ पक्षी होताच. त्या रानात भिल्ल आणि पावरा लोक राहतात, तेही होतेच. ११३ वर्षं हरवला होता तो पक्षी नव्हे, संग्रहालयाशी असलेला त्याचा धागा.

इथे एक सावधगिरी. ‘स्थानिकांना सगळं आधीच ठाऊक होतं’ असं म्हणणं आजकाल सोपं आणि टाळ्या घेणारं झालंय. तेही पुराव्याशिवाय म्हणू नका. रानात राहणाऱ्याला दोन पिंगळे वेगळे माहीत असतील किंवा नसतीलही. विचारून, नीट नोंद करूनच ते कळेल. माझा आक्षेप एवढाच की विचारण्याची पद्धत हीसुद्धा पद्धत आहे, आणि पुनर्शोधाच्या गोष्टीत तिला जागा मिळत नाही. दादांचा तो एक प्रश्न वेळेवर कानावर पडला असता तर कितीजण सावलीतून उन्हात आले असते!

दुसरा आक्षेप वाचणाऱ्यांवर आहे, लेखकांवर नाही. आयबिसमधला पेपर सिद्ध करतो की मांडवीची नोंद खोटी आहे. लोक वाचतात की मांडवीकडे पक्षी नाही. ही दोन वेगळी विधानं आहेत. पुरावा खोटा ठरला म्हणजे दावा खोटा ठरत नाही, दावा फक्त विनापुरावा होतो.

आणि पुढे काय झालं बघा. २०१४ मध्ये रानपिंगळा ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात सापडला. सातपुड्यापासून कितीतरी दक्षिणेला, मुंबईपासून साधारण शंभर किलोमीटरवर. त्यानंतर गुजरातच्या डांगमधल्या पूर्णा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. आता नकाशा उघडा आणि पूर्णा अभयारण्यापासून मांडवी किती लांब आहे ते बघा. फार नाही. म्हणजे लबाडाने अंदाजाने निवडलेली जागा अगदीच अशक्य नव्हती! चिठ्ठी तरीही खोटीच. पण खोट्या चिठ्ठीमुळे ती जागा यादीतून खोडली की तिथे कोणी बघतच नाही, आणि मग ‘तिथे नोंद नाही’ हे आपोआप खरं होत जातं.

मुलाखतीत हा मुद्दा एका वाक्यात सांगता आला पाहिजे: नोंदीचा अभाव म्हणजे अभावाची नोंद नव्हे.

तिसरा आक्षेप पायवाटेवर. १९९७ ची नोंद चालताना झाली. आमचाही फेरा पायवाटेने. बहुतेक पक्षी-नोंदी अशाच होतात: रस्ता, पायवाट, नाला, धरणाची भिंत. पायवाट ही रँडम ट्रान्सेक्ट नसते. ती माणसाने आपल्या सोयीने पाडलेली असते: चढ कमी, पाणी जवळ, पाडा ते पाडा. नदीच्या खोऱ्यातून जाणारी वाट तुम्हाला खोरं दाखवते, डोंगर नाही. तुमच्या डेटात ‘हा प्राणी पाण्याजवळ आढळतो’ असं आलं तर आधी विचारा, मी पाण्यापासून लांब किती वेळ होते?

ऋतूचंही तसंच. नोव्हेंबरनंतर पान गळतं, पक्षी दिसतो. ऑगस्टमध्ये त्याच झाडावर तो पानांत असेल. दिसण्याची शक्यता बदलली, पक्ष्यांची संख्या नाही.

याला साधा हिशेब आहे. समजा पक्षी त्या रानात आहेच, आणि एका फेरीत तो दिसण्याची शक्यता ३० टक्के आहे (हा आकडा मी उदाहरणासाठी घेतलाय). म्हणजे न दिसण्याची ७० टक्के. तीन फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे सुमारे ३४ टक्के. पाच फेऱ्या केल्या तर १७. दहा केल्या तर ३ च्या आत. म्हणजे तीनदा जाऊन ‘इथे नाही’ असं लिहिणारा माणूस, पक्षी असतानाही, तीनातल्या एका वेळी चुकणार. ऑक्युपन्सी मॉडेल नावाचं जे प्रकरण तुम्हाला पुढे भेटेल, आणि घाबरवेल, त्याच्या पोटात हाच हिशेब आहे. त्याच जागेला पुन्हा पुन्हा भेट द्या, आणि ‘नाही’ व ‘दिसला नाही’ वेगळे करा.

म्हणून आमच्या त्या एका फेरीला माझ्या वहीत ‘अनुपस्थित’ असं लिहिलेलं नाही. ‘एक फेरी, सकाळी ७ ते ११, दिसला नाही’ असं लिहिलंय.

टीका झाल्यावर काय उरतं

हे आक्षेप घेतल्यावर दोन्ही पेपर पडतात का? नाही. माझ्या मते उलट त्यांचं खरं वजन कळतं. १९९८ चा पेपर एवढंच म्हणतो की अमुक जागी अमुक दिवशी हा पक्षी होता, हा घ्या पुरावा. तो किती आहेत, कुठवर पसरलेत, हे सांगत नाही. ते काम नंतरच्यांनी केलं: तोरणमाळ, यावल, मेळघाट आणि मध्य प्रदेशातल्या रानांत वर्षानुवर्षं चालून. त्या चालण्यामुळेच २०१८ मध्ये आययूसीएनच्या यादीत हा पक्षी ‘अतिसंकटग्रस्त’मधून ‘संकटग्रस्त’मध्ये आला. पक्षी एकाएकी वाढले असा याचा अर्थ नाही. आपली माहिती वाढली.

त्याच वर्षी कोपर्डे आणि सहकाऱ्यांच्या डीएनएवरच्या पेपरने आणखी एक जुना वाद हलवला. रानपिंगळ्याला ‘हेटेरोग्लॉक्स’ असा स्वतंत्र गट दिलेला होता. जनुकीय वंशवृक्षात तो साध्या पिंगळ्याच्या ‘अथेनी’ गटातच बसतो, असं त्यांनी दाखवलं. एकाच पक्ष्यासाठी तीन हत्यारं: कपाटातली क्ष-किरण चित्रं, पायाखालची वाट, प्रयोगशाळेतला डीएनए. ‘तुम्ही फील्डवाले की लॅबवाले?’ असं कोणी विचारलं तर हे उदाहरण द्या.

आमच्या बाजूचा रिकामा कोपरा

आता नकाशावर तीन टिंबं द्या: तोरणमाळ, पूर्णा, तानसा. मधे काय येतं? बागलाण, कळवण, सुरगाणा. साल्हेर, आणि आमच्या मोसम व गिरणा जिथून येतात ते डोंगर. मालेगावला मोसमच्या पुलावर उभं राहून कचरा आणि यंत्रमागांचा खडखडाट याशिवाय काही जाणवत नाही, पण याच पाण्याच्या वरच्या टोकाला सागाची रानं आहेत आणि पलीकडच्या उताराला डांग.

तिथे रानपिंगळा आहे, असं मी म्हणत नाही. नाही, असंही म्हणत नाही. मी म्हणते की हा विचारण्यासारखा प्रश्न आहे, आणि तो विचारायला परदेशी मोहीम लागत नाही. कळवण-सटाण्याच्या कॉलेजातली चार मुलं, ठरलेल्या जागा, प्रत्येक जागेला ठरलेल्या फेऱ्या, नाल्याइतक्याच उतारावरच्याही, आणि वनखात्याची परवानगी. एवढ्यात एम.एस्सी.चा चांगला प्रकल्प उभा राहतो. एक अट: आवाज वाजवून पक्ष्याला बोलावण्याचा खेळ परवानगी आणि जाणत्या माणसाशिवाय करू नका. विणीच्या काळात तर नाहीच. आणि घरटं सापडलंच तर त्याची नेमकी जागा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका.

माझी चिठ्ठी

शेवटी एक कबुली, कारण दुसऱ्याच्या चिठ्ठीवर इतकं बोलल्यावर स्वतःची दाखवायला हवी.

माझ्या एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी एक तक्ता जोडला होता: आमच्या तालुक्यात आधी नोंदवलेल्या कीटकांच्या जाती. तो मी एका जुन्या प्रबंधातून जसाच्या तसा उचलला. संदर्भ दिला होता, म्हणजे ‘कॉपी’ नव्हती. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी त्यातल्या एका नावावर पेन ठेवून विचारलं, ‘हा नमुना कुठे ठेवलाय?’ मला माहीत नव्हतं. नंतर शोधलं तर त्या जुन्या प्रबंधात नोंद आणखी जुन्या एका यादीतून आलेली, त्या यादीत तिसऱ्याच जिल्ह्याचं नाव, आणि नमुना कुठेच नाही. कोणी लबाडी केली नव्हती. प्रत्येकाने आधीच्यावर विश्वास ठेवला होता, एवढंच. मीही.

माइनर्ट्‌झहागनने खोटी चिठ्ठी जाणूनबुजून बांधली. मी दुसऱ्याची चुकीची चिठ्ठी न वाचता पुढे ढकलली. मागून येऊन त्या नोंदीवर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याला दोन्हींत काही फरक पडत नाही. तो चुकीच्याच नाल्यात शोधत राहणार.

तेव्हा मुलाखतीला जाताना एक पेपर निवडा आणि त्याला हे चार प्रश्न विचारून जा. या नोंदीची चिठ्ठी कोणी लिहिली आणि मूळ नमुना कुठे आहे? ‘जास्त’ किंवा ‘कमी’ कशाच्या तुलनेत? ‘नाही’ म्हणताना किती वेळा बघितलं, आणि कुठे उभं राहून? आणि या पेपरने जे म्हटलेलंच नाही, ते लोक त्यातून ऐकतात का?

तो तक्ता मी नंतर प्रकल्पाच्या माझ्याकडच्या प्रतीत पेन्सिलने दुरुस्त केला. ग्रंथालयातल्या प्रतीत तो अजून तसाच आहे. तुमच्यापैकी कोणी तिथवर पोचलंच, तर ती नोंद उचलू नका.